दहा हजार पावलं मोजली कुणी?

परळ भागातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. डिसेंबर संपत आला की आमच्याकडे प्रकल्पवाल्यांची रीघ लागते, आणि त्यातल्या निम्म्यांचा विषय आरोग्य, आहार, योग, जिम यांच्या आसपासचा असतो. सोपा म्हणून निवडतात. माहितीला तोटा नाही, मोबाइल उघडला की धो धो. पण जुलैत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं म्हणून ते कुणी प्यायला भरून नेत नाही.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. विषय चांगला होता: लोकलने ये-जा करणारी माणसं दिवसाला किती चालतात. पहिल्याच पानावर वाक्य होतं, ‘निरोगी राहण्यासाठी रोज १०,००० पावले चालणे आवश्यक असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ खाली संदर्भ म्हणून एकच शब्द: गूगल.

“अगं, गूगल हा संदर्भ होत नाही,” मी म्हटलं. “कुठे राहतेस असं विचारल्यावर ‘रिक्षाने येते’ म्हणण्यासारखं आहे ते.”

“मग काय लिहू, मॅडम?”

“हे मोजलं कुणी, ते लिही.”

दोन दिवसांनी ती अकरा संकेतस्थळांची यादी घेऊन आली. अकराही ठिकाणी दहा हजारच. तिला वाटलं, अकरा साक्षीदार मिळाले. चाळीत ‘उद्या पाणी येणार नाही’ ही बातमी अकरा बिऱ्हाडांतून कानावर येते, तेव्हा अकरा जणांनी वॉर्ड ऑफिसात फोन केलेला नसतो. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा सांगितलेलं असतं, तेच जिना चढत जातं. म्हणून किती जण सांगतात याला फारसा अर्थ नसतो. पहिल्यांदा कोण बोललं आणि कशाच्या जोरावर बोललं, याचा माग काढत मागे जायचं. संदर्भ शोधणं म्हणजे मुळात हे उलटं चालणं. मग आम्ही दोघी बसलो आणि चालायला लागलो.

माग जपानात जाऊन पोचला. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, देशात व्यायामाचं वारं होतं, आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मान्पो-केई’. अर्थ सरळ: दहा हजार पावलांचं मोजमाप. आकडा गोल, तोंडात बसणारा, विकायला सोपा. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून मग हा आकडा निघाला, असं झालेलं नव्हतं. आकडा आधी आला, तसे अभ्यास मागाहून आले.

मागाहून आलेल्यांपैकी एक २०१९ सालचा. अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांच्या कमरेला आठवडाभर मोजणी यंत्र लावलं आणि पुढे सरासरी सव्वाचार वर्षं त्यांची खबर ठेवली. रोज २,७०० च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. पावलं वाढली तसा फायदा वाढत गेला, पण ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला.

“म्हणजे दहा हजार खोटं!” मुलगी खूश.

“या बायकांचं वय बघ.”

सरासरी वय ७२. तिच्या प्रकल्पातला विरार लोकलला लटकणारा बावीस वर्षांचा मुलगा त्यांत कुठेच नव्हता. मग आणखी शोधलं, तेव्हा २०२२ सालचा एक एकत्रित आढावा मिळाला. वेगवेगळ्या १५ अभ्यासांतली ४७,४७१ माणसं एकाच हिशेबात घेतलेली. त्यात साठीपुढच्यांसाठी फायदा ६,००० ते ८,००० पावलांच्या दरम्यान स्थिरावतो, साठीच्या आतल्यांसाठी ८,००० ते १०,००० च्या दरम्यान. म्हणजे तरुणांच्या बाबतीत तो जपानी आकडा अगदीच हवेतला निघाला नाही. ‘सिद्ध झाले’ हेही चूक आणि ‘खोटं’ हेही चूक.

एवढ्यावरून तीन प्रश्न हाताशी येतात: कुणी मोजलं, कुणाला मोजलं, कसं मोजलं. चौथा मी नंतर सांगते, तो पैशांचा आहे. कुठल्याही आरोग्यविषयक दाव्याला मुलांनी एवढे विचारले तरी माझं अर्धं काम झालं.

पाण्याचंच घ्या. रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, हे वाक्य मी दर वर्षी पाचसहा प्रकल्पांत वाचते. त्याचा माग बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीपर्यंत जातो. दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरेसं, असं त्यात म्हटलं होतं. पण त्याला लागूनच असंही म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. आपल्या ताटात वरण, आमटी, ताक, भाजी, फळ असं सगळं असतंच. पुढचं वाक्य गळालं आणि मागचं जगभर फिरलं. मूळ कागद वाचायचा तो यासाठी.

आता ‘कसं मोजलं’कडे येऊ, कारण मुलं इथेच सगळ्यांत जास्त फसतात, आणि खरं सांगायचं तर बातम्या लिहिणारेही.

जास्त चालणारे जास्त जगले. म्हणून चालण्याने आयुष्य वाढतं? थांबा. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला दम लागतो, तो मुळातच कमी चालतो. त्याचं आयुष्य कमी भरलं तर दोष कमी चालण्याचा की आधीच्या आजाराचा? नुसती नोंद ठेवणाऱ्या अभ्यासात हा गुंता राहतोच. चांगले संशोधक तो सोडवायची खटपट करतात, पण पुरता सुटत नाही.

याचं मला आवडणारं उदाहरण बसचं आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांची माहिती छापली. लाल डबलडेकर बस, एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. दोघं एकाच शहरातले, साधारण एकाच पगारातले, एकाच धुरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तरी तो ड्रायव्हरांइतका जीवघेणा नसायचा. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचं नातं आकड्यांनी मांडणारा हा सुरुवातीचा मोठा अभ्यास.

इथे कुणीही विजयाची तुतारी फुंकली असती. मॉरिस यांनी मात्र १९५६ साली गणवेशांच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि तीही वयाच्या प्रत्येक टप्प्यावर. मग असंही असू शकतं की मुळात जाड माणसं ड्रायव्हर होत होती आणि सडपातळ माणसं कंडक्टर. फरक नोकरीने केला नव्हता, नोकरीत येण्याआधीच होता. आपल्याच निष्कर्षावर असा संशय घेऊन तो छापणारा माणूस माझ्या लेखी विश्वासार्ह. आज बऱ्याच चांगल्या शोधनिबंधांत शेवटी मर्यादांचा एक परिच्छेद असतो: आमची माणसं कमी होती, सगळी एकाच वर्गातली होती, आहार त्यांनी आठवून सांगितला होता. मुलांना मी सांगते, घाईत असाल तर सारांशानंतर थेट तो परिच्छेद वाचा. जिमच्या भिंतीवरच्या पोस्टरवर तो कधीच नसतो.

दोन गोष्टी जाता जाता. आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्याला वेगळा कंडक्टर असायचा आणि खालच्याला वेगळा. त्यामुळे लंडनच्या पायऱ्यांचा हिशेब उचलून मुंबईला लावता आला नसता. आणि मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. वर्गात सांगायला छान आहे. पण तो एकाच माणसाचा अनुभव झाला, पुरावा नाही.

नोंदींचा गुंता टाळायचा तर तुलना मुद्दाम घडवून आणावी लागते. काहींना उपाय द्यायचा, काहींना नाही, आणि कुणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. आमच्या कॉलेजपासून हाफकिन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून तिकडचं सांगते. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तिथे लस घेतलेले कैदी आणि न घेतलेले कैदी यांची तुलना झाली. स्वतःला टोचून घेणं हे धाडस होतं. लस उपयोगी आहे हे सांगितलं ते तुलनेने. आज कैद्यांवर तसा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, पण तुलनेचं तत्त्व तेच आहे. ‘मी तीन महिने हे घेतलं, मला फरक पडला’ म्हणणारा रीलवरचा दादा फार तर १० जानेवारीपर्यंत पोचलेला असतो. तुरुंगातली तुलना त्याने केलेली नसते.

अशा प्रयोगांची भारतात आधी नोंद करावी लागते. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया ही नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तिच्यात नोंदणी सक्तीची झाली. कुणालाही ती फुकट चाळता येते. एखादी कंपनी ‘आमच्या गोळीची चाचणी झाली आहे’ म्हणत असेल तर तिथे नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

एकेक प्रयोगही एकटा असतो. म्हणून त्या विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करून, त्यांतले कच्चे बाजूला काढून, उरलेल्यांचा एकत्र हिशेब मांडतात. याला सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणतात, आपण पद्धतशीर आढावा म्हणू. १९९३ साली स्थापन झालेली कॉक्रेन ही संस्था हेच काम करते, आणि तिच्या आढाव्यांसोबत सामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतला सारांशही असतो. पदवीच्या मुलांनी शोधाची सुरुवात आढाव्यापासून करावी. एकेका अभ्यासापासून सुरुवात केली की ज्याला जे हवं ते सापडतं.

मग शोधायचं कुठे? मुलांना इथे यादी हवी असते. मी यादी देत नाही, विचारते, तुला आकडा कशाचा हवाय.

आपल्या लोकांच्या तब्येतीचा आकडा हवा असेल तर तो मुंबईतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी मध्यवर्ती संस्था म्हणजे देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, गोवंडी स्टेशनपासून फार लांब नाही. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत त्यांनी ६ लाखांहून जास्त घरांतून माहिती गोळा केली. मुंबई आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांची पत्रकं वेगवेगळी आहेत, फुकट उतरवून घेता येतात. कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावरून ‘भारतीय स्त्रियांमधील ॲनिमिया’ शोधणाऱ्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. त्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. इथेही ‘कसं मोजलं’ विसरायचं नाही. त्या फेरीत बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं होतं, आणि शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या तुलनेत त्याने आकडा फुगतो असं काही तज्ज्ञ म्हणतात. सरकारी आकडा वापरावा, पण तो कसा आला हे एका ओळीत लिहावं.

अन्नातल्या घटकांसाठी हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. तिच्या २०१७ सालच्या तक्त्यांत भारतातल्या ५२८ खाद्यपदार्थांचं विश्लेषण आहे. नाचणीत किती कॅल्शियम, बाजरीत किती लोह, हे तिथून घ्यावं. कॅलरी मोजणारी ॲप्स भाकरी म्हणून नक्की कुणाच्या घरची भाकरी धरतात, देव जाणे. याच संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली.

प्रथिनांवर तर दर वर्षी एक तरी वादावादी माझ्या टेबलाशी होते. जिमचा ट्रेनर सांगतो, वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम. पोषण संस्थेची २०२० सालची शिफारस निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम. मुलं विचारतात, खरं कोण? इथेही ‘कुणाला’ हाच प्रश्न. ०.८३ हा आकडा नेहमीचं आयुष्य जगणाऱ्या निरोगी माणसासाठी आहे. क्रीडा-पोषणाच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी १.४ ते २ ग्रॅम असा पल्ला सांगितला. ट्रेनरने पल्ल्याचं वरचं टोक उचललं आणि महिन्यातून चार दिवस जिमला जाणाऱ्यालाही लावलं. प्रोटीन पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक आहे, म्हणून पावडर गुणकारी, असंही एकाने लिहिलं होतं. तो क्रमांक अन्नधंद्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो. तो वडापावच्या गाडीकडेही असायला हवा. त्यातून दंड फुगतात असं सरकार कुठेही म्हणत नाही.

किती व्यायाम करावा, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं पुरतात. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल; ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं. गंमत म्हणजे त्यात पावलांचा आकडा नाहीच.

आणि मूळ शोधनिबंध हवे असतील तर पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे. शोध इंग्रजीतच करावा लागतो, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे अडखळतात. हुशारीत ती कमी नसतात, शब्द माहीत नसतो एवढंच. ‘हार्ट प्रॉब्लेम’ टाकलं तर भलतंच काहीतरी येतं. ‘कार्डिओव्हॅस्क्युलर’ टाकलं की दार उघडतं. मराठी विश्वकोश यासाठी फार उपयोगी पडतो, कारण नोंदीत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा मिळते. मात्र जुन्या खंडांतली नोंद असेल तर तिच्यातला वैद्यकीय सल्ला तसाच उचलू नये. शब्द घ्यावा, आकडा नवा शोधावा. पबमेडवर निकाल आले की डाव्या बाजूला चाळण्या दिसतात. तिथे ‘सिस्टेमॅटिक रिव्ह्यू’ आणि ‘फ्री फुल टेक्स्ट’ या दोन्हींवर खूण केली की वीस हजारांचे चाळीस होतात. पण पबमेडमध्ये सापडला म्हणजे निबंध उत्तम, असं नव्हे. ती सूची आहे, शिक्का नाही.

पूर्ण निबंध विकत मागितला तर घाबरू नका आणि पैसेही भरू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं नियतकालिक १९१३ पासून निघतं आणि फुकट वाचता येतं. परळच्या केईएम रुग्णालयाचं आणि सेठ जीएस मेडिकल कॉलेजचं स्वतःचं नियतकालिक १९५५ पासून चालू आहे, तेही खुलं आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना खुली झाली आहेत. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, ते ग्रंथपालाला विचारा. आम्ही त्यासाठीच बसलेलो असतो, नुसते पुस्तकांवर शिक्के मारायला नव्हे. काहीच जमलं नाही तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करावी. निबंधावर पत्ता असतो, आणि बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात. आपलं लिहिलेलं मुंबईतली एक विद्यार्थिनी वाचू बघते आहे, याचं त्यांनाही अप्रूप असतं.

परदेशी आकडे आपल्याला लावताना मात्र जपून. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा. त्यावरच्या प्रकल्पात मुलं बिनदिक्कत ‘२५ च्या वर जाड’ असं लिहितात. २००४ साली पुण्याचे डॉ. यज्ञिक (परळचं नव्हे, पुण्याचं केईएम) आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी एक अगदी छोटा मजकूर छापला, सोबत दोघांचा फोटो. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि यज्ञिक यांचं २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, असे आपण. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असं २००९ साली इथल्या तज्ज्ञांनी ठरवलं ते यामुळेच. प्रकल्पात कुठली मर्यादारेषा वापरली हे लिहिलं नाही, तर अख्खा वर्ग एका दिवसात सडपातळ करून दाखवता येतो.

आता राहिलेला चौथा प्रश्न: पैसे कुणी दिले? २०१५ साली अमेरिकेत संशोधकांचा एक गट सांगत होता की लठ्ठपणात खाण्यापिण्यावर उगाच भर दिला जातो, खरा दोष व्यायाम न करण्याचा आहे. मग वर्तमानपत्रातून बाहेर आलं की या गटाला कोका-कोला कंपनीने १५ लाख डॉलर दिले होते. वर्ष संपायच्या आत गटाने गाशा गुंडाळला. कंपनीचा पैसा आला म्हणजे निष्कर्ष खोटाच, असं मी म्हणत नाही. निबंधाच्या शेवटी निधी आणि हितसंबंध यांच्या दोन ओळी असतात, त्या वाचाव्यात आणि पैसा कंपनीचा असेल तर दुसऱ्या कुणी तेच मोजलं आहे का, ते शोधावं.

पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही आहेत. त्याच २०१५ साली जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने मुद्दाम एक अभ्यास रचला. जेमतेम सोळा माणसं, त्यांतलं एक गळालं. त्यांची तब्बल १८ मोजमापं घेतली: वजन, कोलेस्टेरॉल, झोप, काय काय. इतकी मोजमापं घेतली की नशिबाने एखादं तरी जुळतंच. लॉटरीची अठरा तिकिटं घेतल्यासारखं. जुळलं ते वजन. निष्कर्ष: चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं. ६०० युरो भरले, एका नियतकालिकाने छापलं, आणि बातमी कितीतरी देशांत झळकली. नियतकालिकाचं नाव भारदस्त होतं. नाव भारदस्त ठेवायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे अशांना चाप लावायला विद्यापीठ अनुदान आयोगाने चांगल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली होती; २०२५ साली ती बंद झाली आणि जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली. म्हणजे आपल्यावर.

बातमीचा संदर्भ देऊ नये, बातमीतून मूळ निबंधाचं नाव घ्यावं. २०२४ च्या मार्चमध्ये ‘दिवसात आठच तासांत जेवणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त’ अशी बातमी सगळीकडे आली. आमच्या स्टाफरूममध्ये सोळा तासांचा उपास करणाऱ्या दोघी दिवसभर गप्प होत्या. मूळ गोष्ट एका परिषदेत मांडलेला गोषवारा होता, तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेला पूर्ण निबंध नव्हता, आणि लोकांच्या जेवणाच्या वेळा दोन दिवसांच्या आठवणीवरून धरलेल्या. शिवाय ९१ टक्के जास्त म्हणजे कशापेक्षा? दहा हजारांत दोघांचे चौघे झाले तरी ते शंभर टक्के जास्तच. मूळ आकडा दिल्याशिवाय नुसती टक्केवारी लिहिली की मी लाल पेनाने गोल करते.

आणि या वर्षीची नवी डोकेदुखी: चॅटबॉटने दिलेले संदर्भ. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, साल पटणारं, शीर्षक झकास, आणि असा निबंध पृथ्वीतलावर कुठेच नाही. यंत्र मुद्दाम खोटं बोलत नाही. संदर्भ साधारण कसा दिसतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो तसा जुळवून देतं. ताडून बघायला एक मिनिट लागतं. प्रत्येक निबंधाला बहुधा डीओआय नावाचा क्रमांक असतो, माणसाच्या आधारसारखा. तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकायचा. दुसराच निबंध उघडला, किंवा काहीच उघडलं नाही, तर समजून जायचं. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. आणि खरा निघाला तरी वर ‘रिट्रॅक्टेड’, म्हणजे मागे घेतलेला, असं लाल अक्षरात लिहिलेलं नाही ना, तेवढं बघायचं. कोविडच्या वेळी २२ मे २०२० रोजी छापून आलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा गाजलेला निबंध ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाला ४ जूनला मागे घ्यावा लागला. कुणाच्या तरी प्रकल्पात तो अजूनही सुखाने नांदत असेल.

त्या मुलीला पहिलं वाक्य दुरुस्त करायला चार दिवस लागले. नवं वाक्य असं झालं: ‘१५ अभ्यासांच्या २०२२ मधील एकत्रित आढाव्यानुसार, साठ वर्षांखालील प्रौढांमध्ये दररोज सुमारे ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत गेलेला दिसतो, या अभ्यासांत मुंबईसारख्या शहरातील लोकलप्रवाशांचा स्वतंत्र विचार नाही.’ शेवटचा तुकडा तिने स्वतः जोडला. मग तिच्याच लक्षात आलं की तिचा प्रकल्प नेमका त्या तुकड्याबद्दल आहे. वर्गातल्या बारा जणींना एकाच ॲपने आठवडाभर पावलं मोजायला लावली, दादरला पूल चढून गाडी बदलणाऱ्या वेगळ्या, थेट येणाऱ्या वेगळ्या. बाराच जणी आहेत, सगळ्या एकाच कॉलेजच्या आहेत, आणि दोघींनी फोन बॅगेत ठेवला होता, हेही मर्यादांत लिहिलं.

बाकीची वाक्यंही मग तिने याच चाळणीतून काढली. अठ्ठावीस पानांचा प्रकल्प एकोणीस पानांवर आला. बाइंडिंग करून घेऊन आली तेव्हा जरा खट्टू होती. म्हणाली, “मॅडम, बाकीच्यांचे केवढे जाड आहेत.”